खिशात काय जाणार, ते विचारायचं नाही

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी "तुमच्या उद्योगावर लेख द्या" असा निरोप आला, तेव्हा मी सरळ सांगितलं, लेख मला जमत नाही. किस्से हवे असतील तर देते. ते आयतेच जमतात. शिलाई मशीनच्या पायडलखाली बघा, मुद्दाम कुणी काही ठेवत नाही, तरी आठवड्यानं केरसुणी फिरवली की मूठभर दोरे निघतात. तसंच हे. कुणी एक विचारलं की मागून दुसरा निघतो, आणि ऐकणाऱ्याची बस चुकते!

आधी मी कोण ते सांगते. नाव कलावती. सत्तरी पूर्ण. शाळा चौथीपर्यंत, तीही शेवटचे तीन महिने नाही. माणूस माझा सांगलीकडचा, रेल्वेत फिटर, म्हणून आम्ही इकडे मद्रासला आलो. तो गेला, मी राहिले. तमिळ मी बसच्या पाट्यांवरून शिकले आणि शिवण जुनी झंपरं उसवून उसवून. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे डोक्यावर कुणाचे उपकारही नाहीत!

मद्रासजवळ तांबरमला, नोकरी करणाऱ्या मुलींचं एक हॉस्टेल आहे, तिथं मी नऊ वर्षं मेट्रन आहे. सकाळी सहा ते दोन ड्युटी, परत संध्याकाळी सात ते नऊ गेटवर, रविवारी सुट्टी. नोकरीबरोबर तळमजल्यावरची एक खोली. नोकरी गेली की खोली गेली. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

*

धंदा सुरू झाला एका झाकणामुळे.

आमच्याकडे प्राजक्ता नावाची पोरगी राहते. जळगावची, सव्वीस वर्षांची. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासते. एका संध्याकाळी रडतच गेटमधून आत आली.

"मावशी, कंपनीचं कार्ड पडलं. उद्या मला आतच घेणार नाहीत!"

"खिशात ठेवायचं की, बाई."

"खिशातच ठेवलं होतं!"

मी तिची पँट बघितली. नवीकोरी. खिशाला झाकण, झाकणाला बटण, कडेनं दुहेरी टीप. म्हटलं वा! आत बोट घातलं, तर बोट कापडावर आपटलं. खिसाच नाही! नुसतं झाकण! पोरीनं गाडी पकडायच्या घाईत कार्ड झाकणाखाली सरकवलं होतं, ते सरळ फलाटावर गेलं.

"अगं, ही तर दाराची चौकट झाली," मी म्हटलं. "कुलूप आहे, कडी आहे, मागं घरच नाही!"

"बायकांच्या कपड्यांना असंच असतं मावशी. फॅशन आहे."

माझं डोकं फिरलं. मी पदर बाजूला केला आणि परकराच्या नेफ्याखालचा माझा चोरखिसा तिला दाखवला. त्यात माझी खोलीची किल्ली, रेल्वेचा पास, दोन लवंगा आणि नवऱ्याचा छोटा फोटो. चाळीस वर्षांत एक लवंग पडलेली नाही.

प्राजक्तानं डोळे पुसले, आत हात घालून पाहिला आणि विचारलं, "मावशी, हे एवढं खोल करायला परवानगी असते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पँटला खरा खिसा लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दाराशी अकरा मुली, हातात अकरा पँटी आणि कुर्ते. "पाट्टी, मलापण!" पाट्टी म्हणजे इकडे आजी. एरवी याच मुली पाण्याची मोटर बंद केली की मला हिटलर म्हणायच्या.

*

अशा मी आणि प्राजक्ता दोघी भागीदार झालो. आता आमची तिसरी. रुक्मिणी. अठ्ठावन्न वर्षांची, बँकेत काउंटरवर बसते, घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं मराठी. आमची ओळख मंडळाच्या हळदीकुंकवातली. तिचं मराठी ऐकलं की मला वाटतं, एखादी बखर साडी नेसून बोलायला लागली आहे. मध्येच तमिळ येतं, मग इंग्रजी, आणि परत बखर.

धंद्याचं ऐकल्यावर म्हणाली, "कलावती, तूं शिवणार, ही पोर तपासणार, मग विकणार कोण गे? तुझें तोंड तर असें, की गिऱ्हाईक पळून जाईल!"

खरं होतं. म्हणून विक्री तिच्याकडे. तिघींच्या तीन नोकऱ्या, आणि उरल्या वेळात खिसे.

पहिलं बाहेरचं गिऱ्हाईक आणायच्या दिवशी नमुना म्हणून तिनं स्वतःच परकर घातला, माझ्या हातचा, उजवीकडे खोल चोरखिसा. आत कपाटाची किल्ली. सकाळी घाईत परकर कमरेभोवती फिरून बसला, हे तिला कळलंच नाही. दुपारी बँकेत मैत्रिणींना दाखवायला गेली, उजवीकडे हात घातला, खिसा नाही. डावीकडे घातला, नाही. परत उजवीकडे. खिसा गेला होता मागे, आणि बाई त्याच्या मागे गोल गोल!

रांगेतला एक म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "अम्मा, प्रदक्षिणा झाल्या असतील तर माझं पासबुक भरा."

त्या दिवसापासून प्रत्येक परकराच्या पुढच्या बाजूला, नाडीपाशी, मी लाल दोऱ्याचे तीन टाके घालते. पुढं कुठलं आणि मागं कुठलं, ते आंधळ्या माणसालाही हाताला कळेल. पुढं पुढं परकर असो नसो, सगळ्याच खिशांवर तो लाल दोरा येऊ लागला. आमची खूणच झाली ती.

*

प्राजक्ताला आम्ही तपासायला बसवलं ही आमची घोडचूक. म्हणजे माझी.

पहिल्याच रविवारी तिनं बॅगेतून एक चकचकीत चिमटा काढला. त्यानं म्हणे केसाचीही जाडी मोजता येते. माझे वीस खिसे तिनं एकेक करून त्यात धरले आणि सातांना लाल चिठ्ठी लावली.

"हे काय?"

"रिजेक्ट, मावशी. तोंड तीन मिलिमीटरनं वाकडं आहे."

"मी चाळीस वर्षं शिवतेय!"

"मग चाळीस वर्षं तीन मिलिमीटर वाकडं आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. रुक्मिणी भिंतीकडे पाहू लागली. मी सातही खिसे उचलले, कात्री घेतली आणि उसवायला बसले. रागानं उसवले, ते खोटं कशाला सांगू. पण उसवता उसवता दिसलं. माझा डावा हात कापड सोडताना जरा ओढतो. इतकी वर्षं ओढत होता. मला कुणी शिकवलं नाही म्हणून मिरवत होते ना, तर कुणी चूकही दाखवली नव्हती!

संध्याकाळी सात खिसे तिच्यापुढं टाकले. तिनं चिमटा लावला आणि हिरवी चिठ्ठी काढली. मी म्हटलं, "ती चिठ्ठी माझ्या कपाळाला लाव."

लावली की हो कार्टीनं!

*

याच चिमट्यावरून तिच्या नोकरीवर बेतलं होतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बाईसाहेब परकराच्या खिशाचं तोंड मोजत बसल्या होत्या, आणि मागं येऊन उभे राहिले सुपरवायझर. तमिळ माणूस, मिशा अशा की बघणाराच खोटं बोलायला लागेल.

"हे काय?"

प्राजक्ता खरं बोलली. रविवारच्या सुट्टीतला धंदा, सोबत दोन म्हाताऱ्या, खिसे, सगळं. सुपरवायझर म्हणाले, "कंपनीचं हत्यार परकराला लावायचं नाही."

पोरगी त्या रात्री जेवली नाही. नोकरी गेली, असंच धरून चालली होती. सकाळी त्यांनी टेबलावर कागदात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली. तसलाच चिमटा, जुना, त्यांच्या स्वतःच्या शिकाऊ दिवसांतला.

"हा परकराला लाव," म्हणाले. आणि जाता जाता, "माझ्या बायकोला दोन. खोल."

*

आता आमचा नेम सांगते. धंद्यात एक तरी नेम असावा, आणि तो मोडणाऱ्याला हाकलावं.

एकदा रुक्मिणीनं एका बाईला सहज विचारलं, "इतका लांब खिसा कशाला हो? काय ठेवणार?" ती बाई लाल झाली, पिशवी उचलली, आणि परत आली नाही. मी रुक्मिणीला जे बोलले ते इथं छापता येणार नाही. बाईला अख्ख्या घरात एक कप्पा स्वतःचा नसतो. कपाट उघडायला नवरा, पर्स उघडायला पोरं, डबा उघडायला सासू. एक खिसा तिनं मागितला, तर त्यातही आपण डोकावायचं?

तेव्हापासून नेम: खिशात काय जाणार, ते विचारायचं नाही. वस्तूचा आकार कागदावर कापून द्यायचा, दोन बोटं सैल आम्ही सोडू. बस.

मग काय एकेक कागद यायला लागले! लांब, चौकोनी, वाकडे. एक आला वड्यासारखा गोल. प्राजक्ता तीन दिवस डोकं खाजवत होती. चौथ्या दिवशी ती बाई खिसा लावून जिना उतरली, तर पावलागणिक किण् किण्! भजनात टाळ धरणारी होती. एकीचा कागद माझ्या अंगठ्याएवढा. एका शाळामास्तरणीचा हाताच्या तळव्याएवढा, आणि खाली लिहिलेलं, "आवाज येऊ नये." मी नाही विचारलं. तुम्हीही विचारू नका.

एक कागद मात्र माझ्या लक्षात राहिला. तो रुक्मिणी घेऊन आली, मैलापूरच्या कुठल्याशा घरातून, जिथं ती दर शुक्रवारी भजनाला जाते. आकार बुद्धिबळातल्या प्याद्यासारखा. वर मूठ, खाली रुंद गोल बूड. सोबत थरथरत्या तमिळ अक्षरांत तीन ओळी: परकरात नको, कमरेला बांधता यावा. आतलं अस्तर गडद हवं, डाग पडतो. बटण असं हवं की माझ्याशिवाय कुणाला उघडता येऊ नये.

"म्हणजे चंचीच म्हण की," मी म्हटलं. "कोण गं ही बाई?"

रुक्मिणीनं डोळे मिटले, जपाला बसावं तसे. "विचारायचें नव्हे, असा नेम तूंच केलास ना गे?"

माझाच नेम माझ्याच नाकावर! मग गप बसून शिवला. आत गर्द जांभळं अस्तर, वर खणाचं कापड, आणि काजाच्या आत काज घेऊन असं बटण बसवलं, की लावायला आणि काढायला तीन बोटांची युक्ती लागते. प्राजक्तानं अर्धा तास झटापट केली आणि हिरवी चिठ्ठी दिली.

*

हे सगळं चाललं असताना डोक्यावर एक टांगती गोष्ट होती, तीही सांगायला हवी.

आमच्या हॉस्टेलचे सेक्रेटरी सर. माणूस वाईट नाही. नियमाला घाबरतो, एवढंच. पहिल्या आठवड्यातच मी स्वतः त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. चोरून मी चोरखिसासुद्धा शिवत नाही.

"सर, दुपारी अडीच ते साडेसहा आणि रविवारी मी माझ्या खोलीत खिसे शिवते. ड्युटीच्या वेळात मशीनला हात लावत नाही."

"पाट्टी, नियम चौदा. आवारात व्यवसाय चालणार नाही."

"नियम कुणी केला?"

"ट्रस्टनं."

"ट्रस्ट म्हणजे कोण?"

"मी आणि अम्मा."

"मग बदला की! दोघंच तर आहात!"

सर दचकले. "अर्ज द्या. अम्मांचा शिक्का लागेल."

या शिक्क्याचं सांगायला हवं. अम्मा म्हणजे सरांच्या आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, ट्रस्टच्या अध्यक्ष. हे हॉस्टेल म्हणजे त्यांचंच जुनं घर. इथं बल्ब बदलायचा तरी अर्जावर अम्मांचा गोल जांभळा शिक्का लागतो. नऊ वर्षांत मी अम्मांना कधी पाहिलं नाही, त्यांचा शिक्का तेवढा पाहिला. पूर्वी तो सरांच्या टेबलावर असायचा. एकदा सरांनी न विचारता अंगणातलं आंब्याचं झाड तोडायच्या कागदावर तो उठवला. झाड वाचलं, पण शिक्का टेबलावरून गेला. तेव्हापासून अम्मा तो कुठं ठेवतात, ते पोटच्या पोरालाही माहीत नाही.

माझा अर्ज तसाच पडून राहिला. होही नाही, नाहीही नाही. मी शिवत राहिले.

मग एका रविवारी सर अचानक आले. माझ्या खोलीपासून गेटपर्यंत बायकांची रांग. हॉस्टेलच्या मुली, शेजारच्या कॉलेजातल्या बाई, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातल्या सात-आठ जणी सुपरवायझरच्या बायकोसह, आणि मध्ये रुक्मिणी टोकन वाटत, बँकेत असल्यासारखी!

सरांनी मला बाजूला घेतलं. "पाट्टी, कुणी तक्रार केली तर माझी मान जाईल."

दोन दिवसांनी पत्र टाइप झालं. महिनाअखेर मशीन हलवावी, नाहीतर नोकरी आणि खोली सोडावी. फक्त शिक्का उमटायचा बाकी होता.

पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, पुरे आता. ये इकडे. तुझी सोय करते."

"मी काय पार्सल आहे, सोय करायला?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी गेटवर बसले तेव्हा माझ्या चोरखिशातली किल्ली मी चार वेळा चाचपून पाहिली.

प्राजक्ता म्हणाली, "मावशी, मी भाड्यानं खोली बघते. मशीन तिथं नेऊ."

"आणि मी?"

"तुम्हीपण."

"मशीन हलवली तर मी हरले, आणि नोकरी सोडली तर मी पळाले," मी म्हटलं. "दोन्ही मी आजवर केलेलं नाही. शिक्का उमटू दे, मग बघू."

*

तर हा शेवटचा.

शिक्का काही केल्या मिळेना. सर मागायचे, अम्मा म्हणायच्या, शिक्का पाठवणार नाही, मी त्याच्याबरोबर येईन. आणि एका रविवारी सकाळी खरंच आल्या. गाडीतून उतरल्या, इकडच्या पद्धतीची नऊवारी नेसलेल्या, काडीसारख्या बारीक, पाठ मात्र माझ्यापेक्षा ताठ. अंगणातल्या आंब्याला हात लावून आत आल्या आणि हॉलमधल्या खुर्चीवर बसल्या.

सर एका बाजूला पत्र घेऊन. दुसऱ्या बाजूला मी. मी धुतलेली साडी नेसले होते आणि हात जोडून उभी नव्हते, ते नोंदवून ठेवा. माझ्यामागं प्राजक्ता, दारात मुलींची गर्दी, आणि रुक्मिणी छताकडे बघत.

सरांनी पत्र वाचून दाखवलं. नियम चौदा, आवार, महिनाअखेर, खोली. अम्मांनी पूर्ण ऐकलं. मग मला तमिळमध्ये विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"ड्युटीत एक मिनिट कमी केलं असेल तर दाखवा. बाकी वेळ माझा आहे. हात माझे आहेत. मला विनंती करायची नाही."

मागून प्राजक्तानं माझा पदर ओढला. मी झटकला.

अम्मांनी मान हलवली. सरांनी पत्र त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं, कोपरा बोटानं दाबून धरला आणि हळूच म्हणाले, "अम्मा, शिक्का."

अम्मांनी निऱ्यांच्या वर, कमरेला हात घातला. खणाचं कापड बाहेर आलं. त्यावर लाल दोऱ्याचे तीन टाके. म्हातारी बोटं बटणावर गेली, एक, दोन, तीन, आणि झाकण उघडलं. आत गर्द जांभळं अस्तर.

सर आईच्या कमरेकडे बघतच राहिले.

अम्मांनी शिक्का बाहेर काढला. पत्राकडे पाहिलं. लेकाकडे पाहिलं. मग शिक्का परत खिशात टाकला आणि तीन बोटांनी बटण लावलं.

"बटण जरा घट्ट बसतंय," त्या मला म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येईन, तेव्हा सैल करून दे."